लिटरभर उजनी

दर महिन्याच्या 25 तारखेला मी पाणी गाळायला जाते. जानेवारीची 25 तारीख होती. भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर अजून नीट उजाडलं नव्हतं आणि पाणी दिसायच्या आधी रोहित पक्ष्यांचा गलका ऐकू येत होता. उथळ पाण्यात माना घालून, चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळत उभे होते. त्यांचं आणि माझं काम एकच. ते गाळलेलं खातात, मी मोजते.

सोबत मामा होते. जलसंपदा खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले, नोकरीतली बरीच वर्षं उजनी धरणावर काढलेले. आजही सकाळच्या चहाआधी त्यांना दोन आकडे लागतात : दौंडहून येणारा विसर्ग आणि धरणाची टक्केवारी. दोन्ही एका वहीत लिहून ठेवतात. आता ते आकडे त्यांच्याकडे कोणी मागत नाही, तरी वही एक दिवस चुकत नाही.

होडी थोडी आत गेल्यावर मी बादलीने पाणी काढून निमुळत्या जाळीत ओतायला लागले. नायलॉनच्या या जाळीची छिद्रं केसाच्या जाडीहून बारीक. पाणी निघून जातं, जीव टोकाच्या बाटलीत उतरतात.

“किती पाणी गाळतेस?” मामांनी विचारलं.

“शंभर लिटर.”

“आणि धरणात किती आहे?”

उत्तर त्यांना पाठ होतं, मलाही होतं. भरलेल्या उजनीत 117 टीएमसी आणि एका टीएमसीत सुमारे 2,832 कोटी लिटर. पण प्रश्न त्या आकड्याचा नव्हता. गेले वर्षभर आमच्यात जो वाद चालू होता, त्याचं ते दार होतं.

प्राणिप्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे प्राणी. पोहतात, पण प्रवाहापुढे त्यांचं काही चालत नाही. रोटिफर सगळ्यांत लहान. त्यांच्या डोक्यावरच्या केसांची चक्रं सूक्ष्मदर्शकाखाली गरगर फिरताना दिसतात. त्यांच्याहून मोठ्या पाणपिसवा. पारदर्शक कवचाच्या, झटके देत उड्या मारणाऱ्या. आणि सायक्लॉप्ससारखे वल्हेपाय, कपाळावर एकच डोळा आणि मादीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या. ही मंडळी शेवाळ खातात, जिवाणू खातात, एकमेकांनाही खातात. माशाचं पिल्लू अंगातला बलक संपल्यावर पहिला घास घेतं तो यांचाच. मत्स्यबीज केंद्रावर तळ्यात मत्स्यजिरे सोडायच्या आधी शेण आणि शेंगदाण्याची पेंड कालवून टाकतात, ती जिऱ्यांसाठी नसते, या जिवांसाठी असते. आधी चारा उगवायचा, मग जित्राबं सोडायची, तसंच हे.

माझं म्हणणं साधं होतं आणि अनेक अभ्यासांतून आलेलं होतं. धरणातल्या प्राणिप्लवकांचं वर्ष ऋतू ठरवतो. पावसाळ्यात संख्या पडते, कारण पाणी गढूळ होतं. गाळाने उजेड अडतो, शेवाळ वाढत नाही आणि गाळून खाणाऱ्या पाणपिसवांच्या पोटात अन्नाऐवजी माती जाते. हिवाळ्यात पाणी निवळतं, शेवाळ चांगलं येतं, पाणपिसवा आणि वल्हेपाय वाढतात. उन्हाळ्यात पाणी तापलं की अंडी भराभर उबतात आणि रोटिफरांची गर्दी होते. दख्खनमधल्या कितीतरी जलाशयांवरच्या लेखांत उन्हाळ्यात उच्चांक आणि पावसाळ्यात नीचांक, हेच वाचायला मिळतं.

“म्हणूनच मला ते पटत नाही,” मामा म्हणाले. “उजनी असो नाहीतर कुठलं गावतळं, उत्तर एकच. मग उजनीवर येऊन तू काय बघितलंस? अगं, धरणाला ऋतू नसतो, पातळी असते. इथे इंदापूरला, करमाळ्याला आभाळ कोरडं असतं आणि धरण दिवसाला फूटभर चढत असतं. पाऊस पडलेला असतो भीमाशंकरला, मावळात, मुळशीत. वरची धरणं भरतात, दरवाजे उघडतात, मग आपल्याकडे पाणी येतं. तुझ्या तक्त्यात ‘पावसाळा’ लिहिलाय जूनपासून. जूनमध्ये उजनी बहुतेक वेळा मायनसमध्ये असते, तिला पावसाळा लागलेलाच नसतो.”

मायनस हा शब्द सोलापूर जिल्ह्यात लहान पोरालाही कळतो. उजनीच्या 117 टीएमसीपैकी साधारण 53.5 टीएमसी उपयुक्त साठा आणि उरलेला 63.5 च्या वर मृतसाठा. पाणीपातळी समुद्रसपाटीपासून 496.83 मीटरला असली की शंभर टक्के, 491.03 ला आली की शून्य. सहा मीटरही नाहीत मधे. शून्याच्या खाली गेलं की मायनस. पाणी फारच उतरलं की पळसदेवजवळ बुडालेलं पळसनाथाचं मंदिर वर येतं आणि बघायला गर्दी होते.

“जूनचं तुमचं बरोबर आहे,” मी म्हणाले. “पण पाण्याचं तापमान दरवाजा बघत नाही, मामा. एप्रिलमध्ये रोटिफरचं अंडं दिवसाच्या आत फुटतं, आज या थंड पाण्यात त्याला त्याहून बराच वेळ लागेल. पातळी स्थिर ठेवली तरी हा फरक राहणारच.”

“राहू दे. पण तू मोजतेस काय? लिटरमागे किती. बरोबर?”

“बरोबर.”

“मग हिशेब कर.” त्यांनी वही मांडीवर घेतली. “समज, ऑक्टोबरात धरण भरलेलं आहे, 117 टीएमसी, आणि तुला लिटरमागे शंभर जीव मिळाले. मे महिन्यात धरण मायनस चाळीसला गेलं. म्हणजे किती उरलं? मृतसाठ्यातनं उपयुक्त साठ्याचे चाळीस टक्के वजा कर, साधारण बेचाळीस टीएमसी. तिथं तुला लिटरमागे अडीचशे मिळाले. तू लिहिणार, उन्हाळ्यात अडीचपट वाढ. आता गुणाकार करून बघ. ऑक्टोबरात शंभर गुणिले 117, मे महिन्यात अडीचशे गुणिले बेचाळीस. धरणातले एकूण जीव मे महिन्यात कमीच झालेत. वाढ झालेली नाही, पाणी आटलंय. दूध आटवलं तर घट्ट होतं, म्हणून काय म्हैस जास्त दूध द्यायला लागली?”

आकडे समजायला घेतलेले, पण मुद्दा खरा होता आणि माझ्या कच्च्या लेखात तो कुठेच नव्हता. बारा महिन्यांचे बारा आकडे मी लिटरमागे मांडले होते. त्या लिटरभोवती किती लिटर आहेत, याचा रकानाच नव्हता. मी लगेच म्हणाले की हे जीव सगळ्या खोलीत सारखे पसरलेले नसतात. दिवसा खाली उतरतात, रात्री वर येतात, तळाजवळ प्राणवायू कमी असेल तिथे फिरकत नाहीत, त्यामुळे सरळ गुणाकार चालणार नाही. ते खरंच आहे. पण त्याने मामांचा मुद्दा पडत नाही, फक्त हिशेब अवघड होतो.

माझं खरं उत्तर मला थोड्या वेळाने सुचलं, आणि तेही मामांच्याच आठवणीमुळे. होडीतल्या नावाड्याने प्यायला पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा मामा म्हणाले, लहानपणी आम्ही फडक्यातनं गाळल्याशिवाय घोटभर पाणी पीत नव्हतो. नारू या कृमीची भीती. गावच्या पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरायचे, पाय पाण्यात बुडायचे. ज्याच्या पायातनं नारू बाहेर येत असेल, तो पाण्यात उतरला की अळ्या विहिरीत. मामांच्या आजोबांच्या पिंढरीतनं काडीला गुंडाळत गुंडाळत, रोज थोडा थोडा करून नारू काढला होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

“त्या अळ्या कोण खायचं, माहीत आहे?” मी बाटलीतलं पाणी प्रकाशात धरलं. काळसर ठिपके झटक्याने हलत होते. “हेच. सायक्लॉप्स. त्याने अळी खायची, माणसाने पाण्याबरोबर तो सायक्लॉप्स प्यायचा, आणि साधारण वर्षाने त्याच्या पायातनं नारू बाहेर. वर्षाने म्हणजे पुन्हा त्याच दिवसांत, विहिरीचं पाणी पुन्हा तळाला गेलेलं असताना. आता सांगा, उन्हाळ्यात विहीर आटल्यावर विहिरीतले एकूण सायक्लॉप्स वाढले की कमी झाले, याच्याशी पिणाऱ्याला काय देणंघेणं? त्याच्या घागरीत किती आले, एवढंच त्याच्यासाठी खरं. लिटरमागचा आकडा असा असतो. माशाचं पिल्लू 117 टीएमसीत राहत नाही, मामा. ते त्याच्या तोंडापुढच्या पाण्यात राहतं. तिथं जीव दाट आहेत की विरळ, यावर ते जगतं किंवा मरतं.”

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. ती लढाई मुख्यतः फडक्याने, विहिरींच्या पायऱ्या बंद करून आणि हातपंपांनी जिंकली गेली, औषधाने नाही. आमच्या पिढीला नारू पुस्तकातून माहीत आहे. मामांच्या पिढीला तो पाय म्हणून माहीत आहे. प्राणिप्लवकांचा अभ्यास कशासाठी, असं मला कोणी विचारलं की मला मत्स्यव्यवसायाआधी ही विहीर आठवते.

“मग दोन्ही लिही,” शेवटी ते म्हणाले. “लिटरमागे किती ते माशासाठी. एकूण किती ते धरणासाठी.”

“पण कारण काय लिहू? पातळी की ऋतू?”

“पातळी.”

“मग नोव्हेंबर ते फेब्रुवारीचं काय? या महिन्यांत पाणी हळूहळू उतरतं, कुठे धक्का नाही, पूर नाही. तरी माझ्या बाटलीतली वस्ती सगळी बदलते. नोव्हेंबरात रोटिफर जास्त होते. आज बघा, डायफॅनोसोमासारख्या मोठ्या पाणपिसवा आहेत, अंड्यांच्या पिशव्या घेतलेले वल्हेपाय आहेत. पातळीने हे केलं नाही. निवळलेलं पाणी, थंडी आणि तिच्यात येणारं शेवाळ, यांनी केलं.”

यावर त्यांचं उत्तर तयार नव्हतं. हिवाळा माझा, एवढं त्यांनी मान्य केलं.

उजाडल्यावर काठावर गाळपेरीची हिरवी पट्टी दिसायला लागली. पाणी मागे सरकतं तसे शेतकरी उघड्या पडलेल्या गाळात पेरत जातात. मका, हरभरा, पुढे कलिंगड, खरबूज. ही जमीन वर्षातून काही महिनेच जमीन असते. तिच्याकडे बघताना आम्ही पुन्हा बोलायला लागलो, कारण त्या पट्टीत आमचे दोघांचे मुद्दे एकमेकांत गुंतले होते.

पाणपिसवा आणि रोटिफर चांगल्या दिवसांत नराशिवायच पिल्लं घालतात. मादीपासून मादी, तिच्यापासून मादी, दिवसांत पिढ्या. दिवस बिघडायला लागले, पाणी आटलं, अन्न संपलं, गर्दी झाली, की मग नर जन्माला येतात आणि जाड कवचाची अंडी घातली जातात. ती अंडी तळाच्या गाळात पडून राहतात. वाळतात, तापतात, नांगराखाली जातात, तरी मरत नाहीत. पाणपिसवांची अशी अंडी कित्येक दशकं गाळात राहूनही फुटल्याची उदाहरणं आहेत. पाणी पुन्हा चढून त्या गाळावर आलं की ओलावा, उजेड आणि ऊब मिळून त्यांना उठवतात.

“म्हणजे पातळीच उठवते,” मामा म्हणाले.

“पातळी दार वाजवते. उठायचं कधी ते पाण्याची ऊब आणि दिवसाची लांबी ठरवते.”

“आणि गाळपेरीतलं खत?”

तेही आलंच. उन्हाळ्यात टाकलेल्या खताचा उरलेला भाग पाणी चढल्यावर पाण्यात मिसळतो आणि काठच्या उथळ पट्ट्यात शेवाळ येतं. जुलै-ऑगस्टमध्ये कटला, रोहू, मृगळ यांची पिल्लं नेमकी तिथंच चरायला येतात. मुख्य पात्र गढूळ आणि ओकंबोकं असतं तेव्हा ही कड भरलेली असते. माझे नमुने मुख्य पात्रातले. कडेचा एकही नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण पावसाळ्यातल्या नीचांकाबद्दल मी जे ठासून सांगत होते, ते धरणाच्या मध्याबद्दल खरं होतं. पिल्लांच्या चराऊ कुरणाबद्दल मी काहीच मोजलं नव्हतं.

पण उजनीची आणखी एक गोष्ट आहे, जिला ना ऋतू आहे ना पातळी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत येतं आणि भीमा इथे येऊन थांबते. बारा महिने. पावसाळ्यात ते पातळ होतं, उन्हाळ्यात दाट. नायट्रोजन-फॉस्फरसचा हा रोजचा खुराक मिळाल्यामुळे पाण्यावर निळ्या-हिरव्या जिवाणूंचा साय धरल्यासारखा थर येतो. या जिवाणूंचे गोळे मोठ्या पाणपिसवांच्या गाळणीत अडकतात, त्यांना पचत नाहीत. मग त्या कमी होतात आणि सेंद्रिय घाणीवर, जिवाणूंवर तगणारे ब्रॅकिओनससारखे रोटिफर उरतात. माझ्या बाटलीत ब्रॅकिओनसच्या जाती वाढल्या की मला उन्हाळा आल्याचं जितकं कळतं, तितकंच शहर आल्याचं कळतं. प्राणवायू कमी झालेल्या पाण्यात मोइना नावाची पाणपिसू रक्तद्रव्य तयार करते आणि तांबूस दिसायला लागते. श्वास कोंडलेल्या पाण्याचा हा रंग मला बघवत नाही.

“याला मी पातळी म्हणणार नाही,” मामा हळू आवाजात म्हणाले. “हे आमच्या वहीत कधी आलंच नाही. किती पाणी आलं ते आम्ही लिहिलं. कसलं आलं ते लिहायला रकाना नव्हता.”

नावाडी तोवर गप्प होता. भोई घरातला, चाळिशीचा माणूस. त्याने एकच सांगितलं : आता जाळ्यात चिलापी (तिलापिया) मासाच जास्त. आणि पोटं भरायला लोक बारीक आसाची जाळी टाकून बोटभर पिल्लंही उचलतात. त्याचं म्हणणं आम्हा दोघांच्या वादात बसत नव्हतं, पण त्याला आधार आहे. 1965 साली ब्रूक्स आणि डॉडसन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की प्लवक खाणारा मासा तळ्यात आला की तो मोठे प्राणिप्लवक आधी टिपतो आणि लहान जाती उरतात. त्यांच्या तळ्यात पावसाळा नव्हता, धरणाचा दरवाजाही नव्हता, बदलला होता तो मासा. चिलापी शेवाळही खाते आणि प्लवकही. उजनीत तिची संख्या एवढी असेल, तर उन्हाळ्यातल्या लहान रोटिफरांच्या गर्दीचं किती श्रेय उन्हाला द्यायचं आणि किती चिलापीला, हे माझ्या बारा बाटल्यांवरून सांगता येणार नाही.

घरी येऊन आम्ही माझा तक्ता आणि मामांची वही शेजारी ठेवून बसलो. माझी प्रत्येक 25 तारीख आणि त्यांच्या वहीतला तोच दिवस, त्याच्या आधीचे पंधरा दिवस. ऑगस्टपाशी मामा थांबले.

“इथे रेघ का मारलीस?”

त्या नमुन्यात जवळजवळ काही मिळालं नव्हतं. तांबडा गाळ, दोन-चार रोटिफर, एखादं वल्हेपायाचं अर्भक. शंभर लिटर गाळूनही इतकं कमी, म्हणजे जाळी फाटली असेल किंवा माझी चूक झाली असेल, असं धरून मी तो सरासरीतून काढून टाकला होता.

मामांनी वहीचं पान माझ्याकडे वळवलं. त्या आठवड्यात दौंडला विसर्गाचे आकडे मोठे होते. “तुला सोपं करून सांगतो. एक लाख क्युसेकने दिवसभर पाणी आलं तर 8.64 टीएमसी होतं. भरलेलं अख्खं धरण तेरा-चौदा दिवसांत बदलेल एवढं. आणि तू उभी होतीस वरच्या अंगाला, डिकसळच्या बाजूला, जिथं पात्र अरुंद आहे. तिथलं पाणी किती वेळ थांबत असेल?”

आता माझी पाळी होती. रोटिफर अंड्यातून बाहेर येऊन स्वतः अंडी घालायला दोन-तीन दिवस लागतात. पाणपिसूला आठवडाभर. वल्हेपायाला अर्भकापासून पूर्ण वाढायला दोन-तीन आठवडे. पाणी त्याआधीच पुढे गेलं, तर वंश वाढायला जागाच उरत नाही. आधी वल्हेपाय जातात, मग पाणपिसवा, शेवटी घाईने पिल्लं घालणारे रोटिफर कसेबसे टिकतात. माझ्या बाटलीत नेमकं तेच होतं. जाळी फाटलेली नव्हती.

“हा पावसाळ्याचा परिणाम नाही,” मामा म्हणाले. “हा विसर्गाचा परिणाम आहे.”

“विसर्ग पावसाचाच, मामा.”

“पाऊस आधी पडला होता. वरच्या धरणांनी तो धरला आणि मग सोडला. तुझ्या तक्त्यात ती दोन आठवड्यांची जागाच नाही.”

यावर आमचं अजून एकमत नाही. मी तक्त्यातली ‘पावसाळा, हिवाळा, उन्हाळा’ ही शीर्षकं काढलेली नाहीत, कारण जानेवारीच्या थंड पाण्यातल्या अंड्यांचा हिशेब त्यांच्याशिवाय लागत नाही. पण त्यांच्या शेजारी दोन रकाने वाढवले आहेत : त्या दिवशीचा साठा टीएमसीत, आणि आधीच्या चौदा दिवसांत आलेलं एकूण पाणी. ते मामांच्या अक्षरात आहेत. ऑगस्टवरची रेघ खोडली. ती बाटली कपाटात मागे पडली होती, फॉर्मॅलीन थोडं उडालेलं. गाळ खाली बसायला दोन दिवस ठेवून मी ती पुन्हा काचपट्टीवर घेतली, एकेक मिलिलिटर करून, सगळी.

फेब्रुवारीच्या 25 ला आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी दोन जागी गाळायचं ठरलं आहे, मध्यात आणि गाळपेरीच्या कडेला. कडेला गुडघाभर चिखल असतो. मामांनी गमबूट मागवले आहेत, दोन जोड.